देवाशी मिटलं, माणसाचं काय?

‘देवाने मला माफ केलं आहे.’ ख्रिस्ती माणसाच्या तोंडून हे वाक्य आलं की पुढे बोलायला जागाच उरत नाही. एकांतात, गुडघ्यांवर असताना ते म्हटलं तर त्यात कृतज्ञता असते. पण ज्याला लुबाडलं, मारलं, बदनाम केलं त्याच्यासमोर उभं राहून ते म्हटलं, तर त्याला ऐकू येतं ते असं: तुझा खटला निकालात निघाला, तुला बोलावणं तेवढं राहून गेलं. त्यानंतरही त्याच्या मनातली खदखद शमली नाही, तर पुढचं वाक्य तयारच असतं. देवाने सोडून दिलं, मग तू कोण धरून ठेवणारा? बघता बघता गुन्हेगार पावन होतो आणि फिर्यादी पापी ठरतो.

घरातल्या भांडणात हे घडलं तर त्याची झळ दोन-चार माणसांपुरती राहते. पण गेल्या काही दशकांत चर्चच्या संस्थांमधले अत्याचार जगासमोर आले, तेव्हाही पश्चात्तापाचे दिवस पाळले गेले, विशेष उपासना झाल्या, आणि पीडितांच्या पदरात काय पडलं हे विचारण्याचं काम मात्र न्यायालयांना आणि चौकशी आयोगांना करावं लागलं. म्हणून हा प्रश्न आता कुणाच्या खासगी भक्तीचा उरलेला नाही. माझं म्हणणं थोडक्यात असं: पाप माणसाविरुद्ध झालं असेल, तर केवळ प्रार्थनेत दिलेली कबुली अर्धवट असते, आणि ती पूर्ण झाली असं जाहीर करण्याचा अधिकार कुठल्याही पंथाच्या चर्चला नाही.

हे म्हणणं काही नव्या काळातून आलेलं नाही. बायबलच्या जुन्या करारातल्या ‘गणना’ या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायातला नियम हिशेबाच्या वहीइतका कोरडा आहे. एखाद्याने दुसऱ्याचा अपराध केला, तर त्याने तो कबूल करावा, घेतलेलं पुरतं भरून द्यावं, त्यात पाचवा हिस्सा वर घालावा आणि ते सगळं ज्याचं नुकसान केलं त्याला द्यावं. तो हयात नसेल आणि घ्यायला जवळचा नातलगही नसेल, तरच ती भरपाई परमेश्वराची, म्हणजे याजकाची. पापार्पण, मेंढा, वेदी हे सगळं आहेच, पण भरपाई घेण्याच्या रांगेत देवाने स्वतःला शेवटी उभं केलं आहे. सुमारे २०० साली संकलित झालेल्या मिश्ना या ज्यू ग्रंथात हाच धागा पुढे जातो. प्रायश्चित्ताचा दिवस माणूस आणि देव यांच्यातली पापं धुतो. माणसामाणसांतली पापं मात्र समोरच्याची समजूत काढेपर्यंत तो दिवसही धूत नाही.

येशू डोंगरावरच्या प्रवचनात याच्याही पुढे जातो. वेदीपाशी दान घेऊन आला आहेस आणि तिथे आठवलं की आपल्या भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे, तर दान तिथेच ठेव, आधी जा, समेट कर, मग येऊन दान दे. ऐकणारे गालीलातले, वेदी यरुशलेमेत. म्हणजे जाऊन-येऊन कित्येक दिवसांची पायपीट, आणि तेवढा वेळ अर्पण वेदीपाशी तसंच पडून. शिवाय इथे राग आपल्या मनात नाही, दुसऱ्याच्या मनात आहे. आपण सहसा प्रार्थनेत आपला राग तपासतो, ‘माझ्या मनात आता काही नाही’ म्हणतो आणि सुटतो. येशूचा प्रश्न तो नाहीच.

याविरुद्ध हमखास पुढे केलं जातं ते ५१वं स्तोत्र. ‘तुझ्याविरुद्ध, तुझ्याविरुद्धच मी पाप केले आहे,’ असं दावीद देवाला म्हणतो. पश्चात्तापाची याहून खोल प्रार्थना पवित्र शास्त्रात नसेल, आणि तरीही या ओळीपाशी थांबून थोडं भांडायला हवं. स्तोत्राच्या मथळ्यात प्रसंग दिला आहे. दावीदाने बथशेबेला बोलावून घेतलं, तिला दिवस गेले, मग तिचा नवरा उरीया याला लढाईत पुढे ठेवून मारवलं. मग हे पाप ‘तुझ्याविरुद्धच’ कसं? काही जुन्या टीकाकारांनी यावर दिलेलं उत्तर फार बोलकं आहे: दावीद राजा होता, त्याच्या वर देवाखेरीज कुणी नव्हतं, म्हणून तो देवालाच जबाबदार. त्यांनी हे दावीदाच्या बाजूने लिहिलं. मला त्यात सत्तेचं खरं रूप दिसतं. वर बसलेल्या माणसाला आपल्या वर फक्त देव दिसतो. खाली ज्यांच्यावर पाय पडला ते त्याच्या कबुलीतही येत नाहीत.

२ शमुवेलाच्या बाराव्या अध्यायातली मूळ कथा स्तोत्रापेक्षा अधिक कठोर आहे. नाथान संदेष्टा येतो आणि एका श्रीमंताने गरिबाची एकुलती एक मेंढी हिसकावून पाहुण्याला रांधून घातल्याची गोष्ट सांगतो. दावीद संतापतो. तो माणूस मरणाला पात्र आहे म्हणतो आणि लगेच निकालही देतो: मेंढीच्या बदल्यात चौपट भरून द्यावं लागेल. चौपट हा आकडा त्याच्या मनचा नव्हे, ‘निर्गम’ या पुस्तकातल्या कायद्यातला आहे. ‘तो माणूस तूच आहेस’ हे त्यानंतर येतं. मग तेराव्या वचनात दावीद कबुली देतो, आणि त्याच वचनात नाथान सांगतो की परमेश्वराने तुझं पातक दूर केलं आहे. एका वचनात कबुली आणि क्षमा. पण नाथानाने आधी सांगितलेला दंड, की तलवार तुझ्या घरातून हटणार नाही, तो काही मागे घेतला जात नाही. आणि चौपट? स्वतःच्याच तोंडाने दिलेल्या निकालाचं दावीदाने काय केलं, ते पुढे कुठे येत नाही. उरीया तर मेलेलाच होता. बथशेबेचं त्याने सांत्वन केलं एवढं कळतं. तिच्याजवळ त्याने काही कबूल केल्याचा शब्द नाही. देवाची क्षमा खरी होती, यात मला शंका नाही. पण ज्याला हा प्रसंग आदर्श कबुली म्हणून दाखवायचा आहे, त्याने हे रिकामे रकानेही दाखवावेत.

पहिल्या काही शतकांत चर्चने कबुली उघड्यावर ठेवली. मोठं पाप केलेला माणूस मंडळीपुढे प्रायश्चित्त करत असे, प्रभुभोजनापासून दूर राहत असे, बाप्तिस्म्यानंतर अशी संधी एकदाच मिळे. ३९० साली थेस्सलनीकात दंगलीचा सूड म्हणून सैनिकांनी हजारोंची कत्तल केली, तेव्हा मिलानचा बिशप अंब्रोज याने खुद्द सम्राट थिओडोसियसला प्रायश्चित्त करायला लावलं. चर्चने सत्तेला नमवल्याची ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. मला त्यातलं दुसरंच काही खटकतं. सम्राट रडला तो मिलानमध्ये, आणि मेलेल्यांची घरं थेस्सलनीकात होती. थिओडोरेट हा इतिहासकार सांगतो की अंब्रोजने सम्राटाकडून एक कायदा करून घेतला: देहदंडाचा हुकूम तीस दिवस अमलात आणायचा नाही, राग ओसरल्यावर पुन्हा तपासायचा. त्या प्रायश्चित्तातून इतर माणसांच्या हाती काही पडलं असेल तर ते एवढंच. अश्रूंपेक्षा मला तो कायदा मोठा वाटतो.

उघड कबुलीत क्रौर्यही होतं, हे नाकारण्यात अर्थ नाही. पापं लिहून ती सगळ्यांसमोर वाचून दाखवण्याची प्रथा काही ठिकाणी पडली होती. पोप लिओ याने ४५९ साली ती बंद करायला लावली, कारण शत्रूंच्या हाती कोलीत मिळेल या भीतीने लोक कबुलीपासूनच पळतील. पुढे आयर्लंडच्या मठवासीयांनी खासगी कबुलीची पद्धत युरोपभर नेली. १२१५ सालच्या चौथ्या लॅटरन परिषदेने वर्षातून एकदा तरी आपल्या धर्मगुरूजवळ कबुली देणं बंधनकारक केलं, आणि ते गुपित फोडणाऱ्या धर्मगुरूला पदावरून काढून कायमचं मठात प्रायश्चित्त करायला धाडण्याची शिक्षा ठेवली. सोळाव्या शतकात मिलानच्याच चार्ल्स बोरोमिओ यांनी जाळी असलेली कबुलीची पेटी रूढ केली. या गुप्ततेने असंख्य माणसांना जगवलं आहे. जे आईला सांगता आलं नाही, जोडीदाराला सांगता आलं नाही, ते एका माणसापुढे बोलता आलं आणि तो उठून गेला नाही, याची किंमत कळायला कॅथलिक असायला हवं असं नाही. पण पेटीत दोघांचीच जागा असते, आणि ज्याचा अपराध झाला तो तिसरा कायमचा बाहेर राहण्याची सोयही तिथेच झाली.

आपण प्रोटेस्टंटांनी यावर मिशीत हसण्याचं कारण नाही. ल्यूथरने कबुली सोडली नव्हती. १५३०च्या ऑग्सबर्ग कबुलीजबाबाच्या अकराव्या कलमात खासगी पापक्षमा चर्चमध्ये राखावी असं स्पष्ट म्हटलं आहे. ती आपण नंतर, हळूहळू, कुणी न सांगता सोडून दिली. उरला तो उपासनेतला सामुदायिक पापांगीकार. १५५२च्या अँग्लिकन प्रार्थनापुस्तकात तो आला, आणि जे करायला हवं होतं ते आम्ही केलं नाही, जे करायला नको होतं ते केलं, ही त्याची भाषा मला आजही सुंदर वाटते. पण प्रत्यक्षात काय होतं ते एकदा डोळे उघडे ठेवून बघावं. पाळक म्हणतात, शांतपणे आपापली पापं देवापुढे आणू या. माना खाली जातात. कुणी खोकतं. एखादं मूल आईच्या पदराशी काहीतरी पुटपुटतं. वाजवणारा पुढच्या गीताचं पान काढून ठेवतो. तेवढ्यात पापक्षमेचं वचन वाचलं जातं आणि सगळे उभे राहतात. ज्याने सख्ख्या भावाचा वाटा गिळला तोही ‘आमेन’ म्हणतो, आणि दोन बाकं सोडून बसलेला तो भाऊही. कॅथलिक माणसाला निदान पापाचं नाव तरी एका जिवंत कानापुढे घ्यावं लागतं. आपल्याला तेही नाही. आपण ‘आम्ही पापी आहोत’ म्हणतो, आणि त्या ‘आम्ही’मध्ये ‘मी’ कुठे बसला आहे हे कुणाला शोधता येत नाही. जर्मन पाळक बोनहोफर याने १९३०च्या दशकात याच दुखण्यावर बोट ठेवलं होतं: सर्वस्वी पवित्र असलेल्या देवाजवळ पाप सांगणं सोपं, आणि आपल्यासारख्याच पापी भावाजवळ अवघड, असं कसं? कदाचित आपण स्वतःलाच कबुली देत असू आणि स्वतःलाच माफ करत असू.

(प्रार्थनासभांमध्ये एक तिसराच प्रकार चालतो, तो इथे सांगून टाकतो. तिथे कबुली होते, पण दुसऱ्याच्या पापांची. ‘अमक्याच्या घरासाठी प्रार्थना करू या, सध्या त्यांच्याकडे बरं चाललेलं नाही,’ आणि मग काय बरं नाही याचा साग्रसंगीत तपशील, डोळे मिटून, देवाला उद्देशून. येशूच्या दृष्टांतात मंदिरातल्या परूश्याने, म्हणजे कर्मठ धार्मिक माणसाने, शेजारच्या जकातदाराचा उल्लेख प्रार्थनेतच केला होता, हे लोक सोयीने विसरतात.)

आता ज्या ठिकाणी हा सगळा प्रश्न असह्य होतो तिथे येऊ. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये मुलांवरच्या अत्याचारांसाठी तुरुंगात गेलेल्या एका कॅथलिक धर्मगुरूने २००४ साली प्रतिज्ञापत्र दिलं. पंचवीस वर्षांत आपण सुमारे तीस धर्मगुरूंपुढे या अपराधांची जवळजवळ १५०० वेळा कबुली दिली, प्रत्येक वेळी क्षमा मिळाली आणि प्रार्थना करण्याचा सल्ला मिळाला, असा त्याचा दावा. कबुलीच्या पेटीत काय झालं हे बाहेरून पडताळता येत नाही, ते ऐकणारे बोलू शकत नाहीत. म्हणून तो दावाच म्हणायचा. पण ऐकताना अंगावर काटा येतो तो त्याच्या शक्यतेमुळे. कबुली होती, प्रार्थना होती, पश्चात्तापाचे अश्रूही असतील. आणि दोन कबुल्यांच्या मध्ये एक मूल होतं.

संस्थांमधल्या बाल-अत्याचारांची चौकशी करणाऱ्या त्या देशाच्या राष्ट्रीय आयोगाने २०१७ च्या डिसेंबरमध्ये आपला अंतिम अहवाल दिला आणि मुलांवरच्या अत्याचाराची माहिती कबुलीत मिळाली तरी ती कळवण्यातून सूट नसावी अशी शिफारस केली. पुढे तिथल्या अनेक राज्यांनी तसे कायदे केले. व्हॅटिकन गुप्ततेवर ठाम आहे. या वादात दोन्ही बाजू एकमेकींना मूर्ख समजतात, आणि दोन्हीकडे तथ्य आहे. गुप्तता गेली तर अपराधी येणारच नाही, हा चर्चचा युक्तिवाद. यावर कुणीही विचारील, तो १५०० वेळा आला असेल तर काही घडत नाही याची खात्री होती म्हणूनच आला नसेल कशावरून? माझं मत विचाराल तर गुप्ततेचं बंधन मी आज मोडायला सांगणार नाही. कायद्याने ते मोडलं तरी पेटीतलं बोलणं सिद्ध कोण करणार, हा प्रश्न राहतोच, आणि दार बंद झालं की आत शिरून त्या माणसाला बदलण्याची एकमेव वाटही बंद होते. माझा वाद आहे तो आत काय बोललं जातं याच्याशी.

२०१९ साली व्हॅटिकनच्या अपॉस्टॉलिक पेनिटेन्शरीने, म्हणजे कबुली आणि पापक्षमेचे विषय पाहणाऱ्या कचेरीने, एक टिपण काढलं. त्यात म्हटलं आहे की पाप हा कायद्याने गुन्हा असला, तरी ‘आधी पोलिसांत हजर हो, मगच क्षमा’ अशी अट कबुली ऐकणाऱ्याने घालू नये. आधार दिला आहे तो कुणालाही स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती नसावी या तत्त्वाचा. हे तत्त्व मला मान्य आहे, पण त्याची जागा न्यायालयात आहे. बलाढ्य सरकारपुढे एकट्या आरोपीला ते वाचवतं. कबुली द्यायला आलेला माणूस तर स्वतःवर आरोप करायलाच आलेला असतो. त्याने ते संरक्षण दारातच उतरवून ठेवलेलं असतं. शिवाय त्याच चर्चच्या धर्मशिक्षणग्रंथात लिहिलं आहे की पापाने झालेलं नुकसान शक्य तेवढं भरून काढलं पाहिजे: चोरलेलं परत करावं, ज्याची बदनामी केली त्याची अब्रू सावरावी, इजा झाली असेल तर भरपाई द्यावी. चोराला ‘आधी माल परत कर’ म्हणता येतं. मग ज्याने बालपण चोरलं, ज्याच्याकडे परत करण्यासारखा मालच नाही, त्याच्याकडे देण्यासारखं एकच काही उरतं, ते म्हणजे उघड सत्य, आणि पुढच्या मुलापासून स्वतःला दूर ठेवू देणं. नेमक्या त्यालाच या भरपाईतून सूट का? कबुलीची पेटी म्हणजे सरकारची चौकी होईल ही भीती मी समजू शकतो. पण ती भीती घालवण्याचा भार मुलांवर टाकता येत नाही.

संस्था कबुली देतात तेव्हाही हाच आजार वेगळ्या कपड्यांत दिसतो. १९ ऑक्टोबर १९४५ रोजी जर्मन प्रोटेस्टंट नेत्यांनी श्टुटगार्टमध्ये परदेशी चर्चच्या प्रतिनिधींपुढे नाझी राजवटीतल्या आपल्या दोषाची कबुली दिली. त्या काळात, उद्ध्वस्त आणि संतापलेल्या देशात, तेवढंही बोलायला छाती लागली असणार. घरच्या लोकांनीच त्यांना त्यावरून झोडपलं. त्या मजकुरात चार तक्रारी आहेत: आम्ही अधिक धैर्याने साक्ष दिली नाही, अधिक निष्ठेने प्रार्थना केली नाही, अधिक आनंदाने विश्वास ठेवला नाही, अधिक उत्कटतेने प्रेम केलं नाही. साठ लाख ज्यूंच्या कत्तलीनंतरच्या या कबुलीत ज्यूंचं नाव नाही. प्रार्थना कमी पडली याची खंत आहे, आणि कोणासाठी ती करायला हवी होती ते नाही.

१२ मार्च २००० रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी रोममध्ये क्षमायाचनेचा दिवस पाळला. सात कबुल्या वाचल्या गेल्या, प्रत्येकीनंतर एक दिवा लावला गेला. शब्द सगळे देवाला उद्देशून, आणि अपराध चर्चच्या लेकरांचे. चर्च स्वतः त्यातून अलगद बाहेर. यावर टीका झाली आणि ती रास्त होती. पण मला त्या दिवसापेक्षा पुढचे दोन आठवडे महत्त्वाचे वाटतात. तोच म्हातारा, कंप सुटलेल्या हातांचा माणूस त्याच महिन्यात यरुशलेमेला गेला, याद वाशेम या ज्यू नरसंहाराच्या स्मारकात, त्यातून जिवंत राहिलेल्या ज्यूंना भेटला आणि २६ मार्चला ज्यूंच्या पवित्र पश्चिम भिंतीच्या फटीत त्याने एक चिठ्ठी ठेवली. चिठ्ठीतली प्रार्थना बारा मार्चला रोममध्ये म्हटलेलीच होती. तेव्हाही ती देवालाच उद्देशून होती, पण आता ज्यांचा अपराध झाला त्यांच्या दारात जाऊन म्हटलेली होती. दान ठेवून उठण्याच्या दिशेने पडलेलं ते एक पाऊल मी नक्की मोजीन.

दक्षिण आफ्रिकेत १९९० साली रुस्टेनबर्गच्या परिषदेत विली याँकर या धर्मपंडिताने याहून पुढची गोष्ट केली. वर्णभेदाला धर्मशास्त्राचा टेकू देणाऱ्या गोऱ्या डच रिफॉर्म्ड चर्चचा तो माणूस. स्वतःचा वाटा त्याने समोर बसलेल्या कृष्णवर्णीय ख्रिस्ती लोकांपुढे पदरी घेतला. कृष्णवर्णीय अँग्लिकन आर्चबिशप डेस्मंड टुटू उठले आणि त्यांनी ती कबुली स्वीकारली. त्यावर इतर कृष्णवर्णीय प्रतिनिधींनी विचारलं, आमच्या वतीने क्षमा करण्याचा अधिकार यांना कुणी दिला? हा प्रश्न मला टुटूंच्या औदार्याइतकाच ख्रिस्ती वाटतो. कबुली खरी होती म्हणूनच तो विचारता आला. देवापुढे परस्पर उरकलेल्या कबुलीत असा प्रश्न विचारायला कुणी हजरच नसतं.

माझ्या म्हणण्यावर दोन आक्षेप येतात, आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला कृपेचा. तारण फुकट आहे, भरपाईची अट घातली की आपण पुन्हा कर्मकांडाकडे गेलो, असं म्हटलं जातं. याचं उत्तर लूकने आपल्या शुभवर्तमानाच्या लागोपाठच्या दोन अध्यायांत दिलं आहे असं मला वाटतं. अठराव्यात मंदिरातला जकातदार, छाती बडवून ‘हे देवा, मज पाप्यावर दया कर’ म्हणणारा. तो नीतिमान ठरून घरी जातो आणि कथा तिथेच संपते. दुसऱ्या दिवशी नाक्यावर बसल्यावर त्याने काय केलं, कळत नाही. एकोणिसाव्यात यरीहोचा जक्कय येतो, तोही जकातदार, नव्हे त्यांचा मुख्य. येशू त्याच्याकडे उतरतो ते त्याने एक पैसाही परत करण्याआधी. कृपा आधीच येऊन ओसरीवर बसलेली आहे. मग जक्कय उभा राहतो आणि सांगतो: अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याचं अन्यायाने घेतलं त्याला चौपट. दावीदाने ज्या आकड्याचा निकाल दिला होता, तो आकडा शेवटी एका बदनाम कर वसूल करणाऱ्याने फेडला. आज या घराला तारण झालं आहे, हे येशू त्यानंतर म्हणतो. जक्कयाने कृपा विकत घेतली असं इथे कोण म्हणेल? हे दोन जकातदार मी एकाच माणसाचे लागोपाठचे दोन दिवस म्हणून वाचतो.

दुसरा आक्षेप ज्याचा अपराध झाला त्याच्या बाजूने येतो, म्हणून तो मला जास्त अडवतो. समोर जाऊन कबुली देणं कधी कधी नवा घाव असतो. जिला काहीच ठाऊक नव्हतं तिला सगळं सांगून स्वतःचं मन हलकं करणारा माणूस आपलं ओझं तिच्या डोक्यावर ठेवून मोकळा होतो. जी मोठ्या कष्टाने सावरली तिच्या दारात अत्याचारी ‘मला माफ कर’ म्हणत उभा राहिला, तर तो पुन्हा एकदा तिच्याकडे काहीतरी मागायलाच आलेला असतो. अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या १९३९ साली छापल्या गेलेल्या बारा पायऱ्यांत नववी पायरी भरपाईची आहे, आणि त्यातच अपवाद आहे: त्याने त्यांना किंवा इतरांना इजा होणार असेल तर नाही. मुळात ऑक्सफर्ड ग्रुप या ख्रिस्ती चळवळीच्या परस्परकबुलीच्या सवयीतून निघालेली ती वाट, पण हा शहाणपणा चर्चपेक्षा दारू सोडणाऱ्यांच्या बैठकांत अधिक सापडतो. तेव्हा जायचं की नाही, कसं, कुणामार्फत, हे ठरवण्याचा हक्क अपराध्याचा नाही. आणि गेल्यावर क्षमा मागता येते, वसूल करता येत नाही. प्रभूच्या प्रार्थनेतली ‘आम्ही आपल्या ऋण्यांस सोडले’ ही ओळ पीडिताच्या अंगावर सोट्यासारखी चालवणारे पाळक आहेत. ती ओळ म्हणणाऱ्याने स्वतःसाठी म्हणायची असते. ऋण्याने धनकोला पाठ करून दाखवायची नसते.

मग प्रार्थनेचं काम काय उरतं? बरंच. स्वतःच्या अपराधाला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारायला माणूस एकदम शिकत नाही. त्याचा सराव देवापुढेच होतो, कारण तिथे सबबी चालत नाहीत. जिच्याकडे जाता येत नाही तिच्यासाठी रोज प्रार्थना करणं, तिने कधीच माफ केलं नाही तरी, हीसुद्धा भरपाईचीच एक रीत आहे. आणि क्षमा न मिळता, वर्षानुवर्षं, कडवट न होता जगायचं असेल तर प्रार्थनेवाचून ते कसं जमेल, मला कळत नाही. याकोबाच्या पत्रात एकमेकांजवळ पापं कबूल करणं आणि एकमेकांसाठी प्रार्थना करणं एकाच वाक्यात आहेत, ते उगीच नाही.

कबुली ऐकणाऱ्याने काय करावं याचा नमुना शोधताना मी नव्या करारातल्या, पौलाने फिलेमोन या गुलामाच्या मालकाला लिहिलेल्या पत्राकडे जातो. अनेसिम हा पळून आलेला गुलाम तुरुंगातल्या पौलाजवळ विश्वासात आला. पौल त्याला ‘देवाने तुझं सगळं मिटवलं’ म्हणून ठेवून घेत नाही. तो त्याला परत पाठवतो आणि बरोबर चिठ्ठी देतो: त्याने तुझं काही नुकसान केलं असेल किंवा तुझं काही देणं असेल तर ते माझ्या नावावर मांड; मी पौल स्वतःच्या हाताने लिहितो, मी फेडीन. गुलामाला मालकाकडे धाडणारी ही गोष्ट आज तशीच्या तशी उचलता येणार नाही. खरं देणं कोणाचं कोणाकडे होतं हा हिशेब आपण उलटा मांडू, आणि मांडायलाच हवा. पण कबुली ऐकणारा जामीन राहतो, स्वतःची सही घालतो, हे त्यातून घेता येतं. धर्मगुरू गुप्ततेचं बंधन जराही न मोडता समोरच्याला सांगू शकतो की हेच सगळं तू या पेटीच्या बाहेर, माझ्याच खोलीत, पुन्हा मला सांग, म्हणजे मला तुझ्याबरोबर येता येईल. मग वकील शोधणं, पोलिसांत जाताना शेजारी बसणं, मुलांपासून त्याला आजच्या आज दूर ठेवणं, पीडितांच्या उपचारांचा खर्च त्याच्याकडून आणि तो कमी पडला तर चर्चकडून भरून घेणं, हे सगळं करता येतं. पाळकाला तर पेटीचीही अडचण नाही. क्षमेसाठी अट घालायला बंदी आहे. विनंती करायला, आग्रह धरायला आणि सोबत जायला कोणत्याही चर्चच्या नियमाने बंदी केलेली नाही.